एकच सिनेमा, तीन शेजारी

नेदरलँड्सच्या, म्हणजे आपण सवयीने ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशाच्या, अगदी दक्षिणेकडच्या शेपटीत वाल्स नावाचं लहानसं गाव आहे. गावामागे एक टेकडी. उंची जेमतेम ३२२ मीटर. आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाने तिला टेकाडसुद्धा म्हटलं नसतं, पण सपाट हॉलंडच्या मुख्य भूमीवरचं हेच सर्वांत उंच ठिकाण. टेकडीच्या माथ्यावर एक दगड उभा आहे आणि त्या दगडापाशी हॉलंड, बेल्जियम आणि जर्मनी हे तीन देश एकमेकांना भेटतात. येणारा प्रत्येक जण दगडाभोवती एक फेरी मारतो. आमच्या आईने तर चक्क प्रदक्षिणाच घातली आणि म्हणाली, "तीन देश झाले, आणि चप्पलसुद्धा काढावी लागली नाही."

पूर्वी इथे तीन नव्हे, चार हद्दी मिळत होत्या. मोरेसनेट नावाचा एक चिमुकला तुकडा १८१६ पासून १९२० पर्यंत कुणाचाच नव्हता. तिथे जस्ताची खाण होती आणि ती कुणी घ्यायची यावर शेजाऱ्यांचं एकमत होईना, म्हणून तो भाग तसाच मध्ये ठेवून दिला. भावाभावांच्या वाटणीत विहीर सामाईक ठेवतात ना, तसंच. गंमत म्हणजे १९०८ मध्ये तिथल्या एका डॉक्टरांनी या तुकड्यात एस्पेरांतो ही नव्याने रचलेली भाषा चालवायचा घाट घातला होता. डच नको, जर्मन नको, फ्रेंचही नको. कुणाचीच नसलेली भाषा सगळ्यांची करू या, असा विचार. तो काही तडीस गेला नाही. भाषा आहेत तशाच राहिल्या, आणि तीन देशांच्या या कोपऱ्यात हिंडताना पदोपदी आडव्या येतात त्या भाषाच. पासपोर्ट आम्हाला कुणी विचारला नाही. १९९५ मध्येच ही नाकी बंद झाली. बस डच बाजूने निघते आणि पुढच्या थांब्यावर आपण जर्मनीत असतो. कळतं ते पाट्यांवरून, पावाच्या आकारावरून. आणि मला कळलं ते सिनेमाच्या डीव्हीडींवरून.

आता युरोपात जाऊन डीव्हीडी कसल्या बघत बसलीस, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण होतं. माझी धाकटी बहीण मास्ट्रिख्टजवळ राहते. तिची मुलगी नऊ वर्षांची, तिथलीच जन्मलेली. शाळा डच, मैत्रिणी डच. मराठी म्हणजे "जेवायला ये", "पाणी हवं का", "आजी, गुड नाइट" एवढंच. आईला मराठी आणि हिंदी सोडून दुसरी भाषा नाही. दिवसभर दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या आणि संध्याकाळी सोफ्याच्या दोन टोकांना बसायच्या. मोबाइलवर आणि टीव्हीवर हल्ली सगळं मिळतं हे खरं, पण तिथल्या टीव्हीवर हिंदी सिनेमा लागला की खाली इंग्रजी अक्षरं येत, आणि इतक्या वेगाने इंग्रजी वाचणं भाचीला जमत नसे. तेव्हा डच अक्षरं असलेला हिंदी सिनेमा मिळतो का, हे शोधायला मी आणि बहीण बाहेर पडलो.

जुन्या वस्तूंची दुकानं तिथे प्रत्येक गावात असतात. त्यांना 'क्रिंगलोप' म्हणतात. घरातल्या नको झालेल्या वस्तू लोक तिथे देऊन टाकतात आणि दुकान त्या स्वस्तात विकतं. कपबशा, पडदे, लहान मुलांच्या सायकली, आणि एका भिंतीला शेकडो डीव्हीडी, कधी एका युरोला तर कधी त्याहूनही कमी. आपल्याकडे रद्दीवाल्याकडे जाईल असा माल, पण मांडणी नेटकी, धूळ नाही. भाची आमच्याबरोबर होती. ती डबी उचलायची, उलटी करायची आणि ठेवून द्यायची. काय बघतेस, तर म्हणाली, "कोळी."

डच डीव्हीडीच्या मागच्या बाजूला लहान लहान काळी चित्रं असतात. कोळी म्हणजे भीतिदायक प्रसंग. वळलेली मूठ म्हणजे मारामारी. चिन्हं ओकणारं तोंड म्हणजे शिवीगाळ. पावलांच्या दोन जोड्या कशासाठी ते सांगायला नको. त्याशेजारी वयाचा आकडा. 'काइकवाइझर' नावाची ही पद्धत २००१ पासून आहे. मला ती फार आवडली. सिनेमा 'बारा वर्षांवरील मुलांसाठी' एवढंच सांगून आईला काय कळणार? मारामारी बघून माझा मुलगा खुशाल झोपतो, पण अंधारातला एक जिना पाहिला की रात्रभर पांघरुणात डोकं. कोणत्या घरात मुठीला बंदी आणि कोणत्या घरात कोळ्याला, ते ज्याच्या त्याच्या आईला ठाऊक. नऊ वर्षांची मुलगी स्वतःचा सिनेमा स्वतःच पारखते, यातच त्या चित्रांचं यश आलं.

तिथून तीसेक किलोमीटरवर जर्मनीतलं आखेन. तिथलं बाराशे वर्षांपूर्वीचं कॅथीड्रल पाहिलं, 'प्रिंटेन' नावाची मसाल्याची कडक बिस्किटं घेतली. आल्याच्या वड्यांसारखा ठसका आहे त्यांना, पण आईच्या दातांना झेपेनात. ती चहात बुडवून मऊ करावी लागली. आणि पुन्हा जुन्या डीव्हीडींचं दुकान. इथे डबीच्या दर्शनी बाजूला, डाव्या कोपऱ्यात, रंगीत चौकोन दिसला. पांढरा सगळ्यांसाठी, पिवळा सहा वर्षांपुढे, हिरवा बारा, निळा सोळा, तांबडा अठरा. १९४९ साली स्थापन झालेली एक संस्था ही वयं ठरवते. चौकोन चांगला ठसठशीत, नायिकेच्या पायाशी किंवा नायकाच्या ढोपरावर बसलेला. इतका, की पुष्कळ कंपन्या वेष्टनाचा कागद दोन्ही बाजूंनी छापतात. घरी नेऊन उलटा घातला की चौकोन नाहीसा. विकताना नियम पाळायचा आणि घरी कपाट सुंदर ठेवायचं! कोळी-मूठ मात्र या जुन्या डब्यांवर नाही. नुसतं वय.

पण खरा फरक आत असतो. हॉलंडमध्ये परदेशी सिनेमा मूळ आवाजातच दाखवतात, खाली डच अक्षरं. फक्त अगदी लहान मुलांचे सिनेमे डच आवाजात. जर्मनीत उलटं. अमेरिकन नट असो, फ्रेंच असो, तो जर्मनच बोलणार. याचं कारण बरंचसं हिशोबाचं आहे. जर्मन बोलणारी माणसं जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड मिळून नऊ कोटींच्या घरात. त्यांच्यासाठी नट बोलावून सगळे संवाद पुन्हा बोलून घेणं परवडतं. हॉलंडची वस्ती अठरा दशलक्षांच्या आसपास, म्हणजे दोन कोटींच्याही आत. अक्षरं छापणं कितीतरी स्वस्त. त्या काटकसरीचा फायदा असा झाला की डच मुलं लहानपणापासून इंग्रजी ऐकत वाढतात. बाजारातला कांदेवाला तुमच्याशी सहज इंग्रजी बोलतो. टीव्हीच्या अक्षरांवरच वाचनाचा सराव झाला, असं सांगणारी माणसं तिथे भेटतात. पडद्यावर एका वेळी दोन ओळी, फार तर पाच-सहा सेकंद. तेवढ्यात वाचून व्हायला हवं. माझ्या शिकवणीच्या मुलांना मी असं काही बसवावं म्हणते.

दुसऱ्याच्या तोंडात आपली भाषा घालायची म्हटली की काय काय करता येतं, याचा एक किस्सा. 'कासाब्लांका' हा १९४२ चा गाजलेला अमेरिकन सिनेमा. त्यात नाझींपासून पळणारी माणसं आहेत. १९५२ साली तो जर्मनीत लागला तेव्हा युद्ध संपून सातच वर्षं झाली होती. प्रेक्षकांना नको ती आठवण नको, म्हणून नाझी अधिकारीच कापून टाकला. वीस-पंचवीस मिनिटं गेली. नाझींविरुद्ध लढणारा नायिकेचा नवरा जर्मन आवृत्तीत नॉर्वेचा शास्त्रज्ञ झाला, त्याचं नावही बदललं. पूर्ण सिनेमा नव्याने जर्मन आवाजात आला तो १९७५ मध्ये. खाली अक्षरं असती तर हे इतकं सोपं झालं नसतं, कारण मूळ आवाज कानावर पडतच राहतो.

या आखेनच्या दुकानात आम्हाला शाहरुख सापडला. एक नाही, ओळीने सात-आठ डब्या! आपल्याला कल्पना नसते, पण २००४ च्या सुमारास जर्मनीत हिंदी सिनेमाची मोठी लाट आली होती. आखेनपासून सत्तर किलोमीटरवरच्या कोलोन शहरातली 'रॅपिड आय मूव्हीज' ही लहानशी कंपनी हे सिनेमे आणू लागली. २००४ साली तिथल्या एका खाजगी टीव्ही वाहिनीने 'कभी खुशी कभी गम' जर्मन आवाजात दाखवला, आणि जर्मन बायका, हो, बायकाच जास्त, रडायला लागल्या. शाहरुखला पास्काल ब्रॉयर नावाच्या नटाचा आवाज मिळाला आणि पुढे पुष्कळ सिनेमांत तोच राहिला. तिथल्या लोकांना शाहरुख म्हटलं की तोच आवाज आठवतो. गाणी मात्र हिंदीच ठेवली, खाली जर्मन अक्षरं. त्यामुळे बहिणीच्या घरी आम्ही ती डीव्हीडी लावली तेव्हा मोठीच गंमत झाली. सगळं कुटुंब तावातावाने जर्मन भांडतंय आणि मग एकदम लता मंगेशकर! आईचा चेहरा गाणं लागलं की उजळायचा, संपलं की पुन्हा कोरा.

तिच्या कानाने आणखी एक गोष्ट पकडली. वर्षानुवर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलेली बाई ती. म्हणाली, "पट्टी चढलीय गं, थोडीशी." आम्ही हसलो. पण तिचं बरोबर होतं. सिनेमाच्या फितीवर सेकंदाला चोवीस चित्रं असतात, आणि युरोपातल्या टीव्हीची जुनी पद्धत सेकंदाला पंचवीसची. म्हणून डीव्हीडी करताना सिनेमा किंचित वेगाने धावतो, सुमारे चार टक्के. तेवढाच आवाजही चढतो, अर्धस्वराहून थोडा कमी. आपल्याकडच्या पुष्कळशा हिंदी डीव्हीडी अमेरिकन पद्धतीच्या असतात, त्यात असं होत नाही. २१० मिनिटांचा 'कभी खुशी कभी गम' युरोपियन पद्धतीत २०२ मिनिटांच्या आसपास भरतो. कुणी कापलेला नसतो. आठ मिनिटं नुसत्या घाईत जातात.

सिनेमांची नावं वाचण्यात आमचा अर्धा तास गेला. बहिणीला जर्मन बरं येतं. 'कभी खुशी कभी गम'चं जर्मन नाव 'इन गूटेन वी इन श्वेरेन टागेन', म्हणजे चांगल्या दिवसांत आणि कठीण दिवसांतही. हे शब्द तिथल्या चर्चमध्ये लग्नाच्या शपथेत असतात. म्हणजे आपल्या सप्तपदीतलं वचनच सिनेमाला दिलं म्हणा ना. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चं 'जो आधी येईल त्याला नवरी'. जर्मनमध्ये म्हण आहे, जो गिरणीवर आधी येईल त्याचं दळण आधी. तिच्यातलं दळण काढून नवरी बसवली. चक्कीसमोर डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना ती म्हण लगेच पटावी. नवरीच्या जागी दळण, हे मात्र पटू नये!

फ्रेंच नावं पाहायला बेल्जियममध्ये जावं लागलं. मास्ट्रिख्टहून दक्षिणेला गाडीने अर्ध्या तासावर लिएज. म्यूज नदीच्या काठाने दर रविवारी मोठा बाजार भरतो. चीज, फुलं, जिवंत कोंबड्या, साखरेचे खडे घातलेली गरम वॅफल, आणि टोपल्यांतून डीव्हीडी. इथे भाषा फ्रेंच. पण बेल्जियमच्या उत्तर भागात डच चालतं, आणि पूर्वेच्या एका लहानशा पट्ट्यात जर्मन, त्यामुळे इथल्या डब्यांचा संसार वेगळा. मागची माहिती अर्धी फ्रेंच, अर्धी डच, एवढ्याशा जागेत मुंगीएवढ्या अक्षरांत. आत फ्रेंच आवाजही, मूळ आवाजही, खाली दोन्ही भाषांची अक्षरं. एकत्र कुटुंबात एकाच वेळी बिनतिखटाची आणि झणझणीत अशा दोन आमट्या करतात, तसं. फ्रान्समधून आलेल्या डब्याही त्या टोपलीत होत्या. 'कभी खुशी कभी गम' फ्रेंचमध्ये नुसता 'भारतीय कुटुंब'. 'कल हो ना हो' म्हणजे 'न्यूयॉर्क मसाला'. जर्मनांनी त्यालाच 'जग, आणि उद्याचा विचार करू नकोस' असं म्हटलं होतं. एकाने त्यातला उपदेश घेतला, दुसऱ्याने फोडणी.

तिथे एक जुनी शंका पुन्हा वर आली. नाव बदललं, आवाज बदलला, पण नाती कशी आणत असतील? 'कभी खुशी'तली सासू नवऱ्याला 'आप' म्हणते, तो तिला 'तुम'. त्या एका अक्षरात निम्मं कथानक आहे. जर्मन नवरा-बायको एकमेकांना 'डू'च म्हणणार, म्हणजे अरेतुरे. ती दबलेली बाई जर्मनमध्ये आल्याबरोबर नवऱ्याच्या बरोबरीची होऊन बसते, आणि मग शेवटी ती त्याच्यासमोर बोलते त्यात विशेष काय राहिलं? जाऊ, नणंद, भावजय, मेहुणी या सगळ्यांना डचमध्ये एकच शब्द. फ्रेंचमध्येही एकच, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'सुंदर बहीण'. सासूबाईंना 'सुंदर आई' म्हणतात. ऐकून आई खूश झाली. मग बहिणीने सांगितलं की सावत्र आईलाही तोच शब्द आहे.

डच अक्षरांचा हिंदी सिनेमा मात्र या तिन्ही गावांत मिळाला नाही. तो मिळाला हेग शहरात, आगगाडीने अडीच-तीन तासांवर. तिथे हिंदुस्थानी वस्ती मोठी आहे. ही माणसं थेट भारतातून आलेली नाहीत. १८७३ साली 'लल्ला रूख' नावाचं जहाज कलकत्त्याहून निघून दक्षिण अमेरिकेत सूरिनामला पोचलं. सूरिनाम तेव्हा डचांच्या ताब्यात होतं. १९१६ पर्यंत बिहार आणि उत्तर प्रदेशातली चौतीस हजारांच्या आसपास माणसं तिथे उसाच्या मळ्यांत करारावर गेली. १९७५ मध्ये सूरिनाम स्वतंत्र झालं तेव्हा त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबं हॉलंडला आली. दोन समुद्र ओलांडलेली हिंदी त्यांच्या घरात अजून आहे, भोजपुरी वळणाची. नातवंडं डच बोलतात. आमच्या घरात जी अडचण होती, ती या वस्तीत हजारो घरांत होती आणि कितीतरी आधीपासून. म्हणूनच हिंदी सिनेमाच्या पुष्कळ डीव्हीडींवर इंग्रजी, अरबीच्या बरोबरीने डच अक्षरंही असत. २००५ चा हिंदी सिनेमाचा 'आयफा' पुरस्कार सोहळा ॲमस्टरडॅमला झाला, तो काही उगीच नाही.

पॉल क्रूगरलान नावाच्या रस्त्यावर साड्या, मिठाई, पूजेचं सामान, सगळं मिळतं. एका दुकानात मागच्या कोपऱ्यात डीव्हीडींचे शेवटचे दोन खोके राहिले होते. हल्ली कुणी घेत नाही, दुकानाच्या मालकीणबाई आईला म्हणाल्या. दोघींची हिंदी एकमेकींना पुरी कळत नव्हती, पण पंधरा मिनिटांत सुना, गुडघे आणि पापड इतके विषय झाले. पैसे देताना त्यांनी आईच्या हातात एक जास्तीची डीव्हीडी ठेवली, 'चलती का नाम गाडी'. म्हणाल्या, आमच्या घरी हिने तीन पिढ्या एकत्र हसवल्या.

त्या रात्री सोफ्याचं एक टोक रिकामं होतं. आई कानाने ऐकत होती, भाची डोळ्याने वाचत होती, आणि किशोरकुमारच्या एका वेडेपणाला दोघी एकदमच खिदळल्या. भाची थोडी आधी, खरं तर. अक्षरं संवादाच्या आधी वाचून होतात. मग आजीने तिला गप्प राहायची खूण केली, आणि पुढचा विनोद यायच्या आधी भाची आजीचा हात दाबायला लागली.

मराठीचं काय, हा प्रश्न बहिणीने विचारला. तिने भारतातून नेलेल्या मराठी डीव्हीडी कपाटात होत्या, आणि बहुतेकींवर कसलीच अक्षरं नव्हती. घरात मराठी न कळणारं कुणी असेल, हे काढणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावं. याउलट अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला, तेव्हा लहान मुलांच्या परीक्षक मंडळानेच त्याला बक्षीस दिलं. तिथे मुलांच्या विभागात अक्षरं वाचता न येणाऱ्या छोट्यांसाठी एक माणूस प्रत्यक्ष चित्रगृहात बसून संवाद जर्मनमध्ये बोलून दाखवतो. कोकणातल्या पावसात भिजणारी ती मुलं बर्लिनच्या मुलांना अशीच समजली. बहिणीने आता तेच सुरू केलंय. आईने आणलेल्या मराठी सिनेमात ती शेजारी बसून हळू आवाजात डच बोलते, आणि जिथे तिला डच शब्द सापडत नाही, तिथे मराठीच शब्द तसाच पुढे जातो. 'माहेर', 'ओवाळणी', 'हट्ट' हे तीन शब्द भाचीकडे असे आलेत.

तुमच्यापैकी कुणी मुलांकडे परदेशी जाणार असाल आणि सामानात सिनेमे न्यायचे असतील, तर थोडं बघून घ्या. डबीच्या मागे पृथ्वीच्या गोल चित्रात आकडा असतो. भारताचा पाच, युरोपचा दोन. शून्य किंवा 'ऑल' असेल तर कुठेही चालते, आणि आपल्या बहुतेक हिंदी डीव्हीडी तशा असतात. तिथे विकत घेतलेली दोन आकड्याची डीव्हीडी इथल्या यंत्रात अडू शकते. संगणकावर हा आकडा बदलता येतो, पण फक्त पाच वेळा, नंतर तो कायमचा बसतो. नातवंडांना हे आधी सांगा. अक्षरं आहेत का ते बघायला डचमध्ये 'ओंडरटीटलिंग', जर्मनमध्ये 'उंटरटीटेल' आणि फ्रेंचमध्ये 'सू-तीत्र' असा शब्द शोधा. आणि मराठी सिनेमा घेताना इंग्रजी अक्षरं आहेत का, हे दुकानातच डबी उलटी करून वाचा. घरी गेल्यावर नव्हे.